मुलांचा मानसतज्ज्ञ: पाटी कुणाची, परवाना कुणाचा?

आजचा प्रश्न असा: यवतमाळच्या एखाद्या पोरीला मुलांची मानसतज्ज्ञ व्हायचंय, तर तिला परवाना देतं कोण?

जरा मागे जाऊ. १९३६ साली मुंबईत, नागपाड्यात, क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळा सुरू झाली. आजची टिस ती हीच. वर्षभरात, १९३७ मध्ये, तिने बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. देशातलं पहिलं. पद्धत अशी की मानसोपचार डॉक्टर, मानसतज्ज्ञ आणि समाजकार्यकर्ता तिघांनी मिळून एक मूल समजून घ्यायचं. त्याचं घरसुद्धा. मला हे आजही फार शहाणपणाचं वाटतं.

पण परवाना? तो तेव्हा नव्हताच. पुढे १९५० च्या दशकात बंगळुरूला, आजच्या निमहान्समध्ये, दवाखान्यातल्या मानसशास्त्राचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. कायदा मात्र आला थेट १९९२ ला, आणि तोही अपंग पुनर्वसनाचा! भारतीय पुनर्वसन परिषदेच्या या कायद्यात चिकित्सा मानसतज्ज्ञ बसतो श्रवणयंत्राच्या तंत्रज्ञाशेजारी. गंमत वाटते, पण रजिस्टर तिथलंच. नोंदणी नसताना हे काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. दंड किती? जास्तीत जास्त हजार रुपये. एवढ्यात आज बरा मोबाइलही येत नाही.

'बाल' असा वेगळा परवाना त्यात नाहीच. वाट अशी होती: मानसशास्त्रात बीए, मग एमए (अमरावती विद्यापीठात हे विषय आहेत), आणि त्यानंतर परिषदेची मान्यता असलेलं दोन वर्षांचं एम.फिल., प्रत्यक्ष रुग्णांसोबत. आता नव्या धोरणात एम.फिल. गुंडाळलं जातंय, त्याजागी नवे अभ्यासक्रम येताहेत. म्हणून प्रवेश घेण्याआधी परिषदेच्या वेबसाइटवर कॉलेजचं नाव बघा. फी भरल्यावर नाही, आधी.

आणि हो, औषध लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएस करून पुढे शिकलेला डॉक्टर. हे दोघं वेगळे.

आपल्या जिल्ह्यात हे सगळं कागदापुरतं नाही. बापाने आत्महत्या केली आणि वर्गातलं पोर बोलायचंच थांबलं, हे कित्येक गुरुजींनी पाहिलंय. आई त्याला एसटीने शहरात आणते, 'समुपदेशक' अशी पाटी दिसते, ती आत जाते. तिने बिनधास्त विचारावं, "मॅडम, तुमचा नोंदणी नंबर काय?" ज्याच्याकडे आहे तो लगेच सांगतो.