स्थानिक ग्रंथकारांचें प्रामाण्य

सनदा, महजर, करीने आणि पत्रव्यवहार यांचें इतिहासाच्या कामीं असलेलें महत्त्व आतां कोणास पटवून द्यावें लागत नाहीं. परंतु एखादा रहिवासी आपल्या गांवाची, तेथील झाडापिकांची व आपल्या उदरनिर्वाहाच्या व्यवसायाची हकीकत लिहून ठेवतो, तेव्हां त्या लिखाणाची योग्यता काय, याचा विचार आपल्याकडे थोडाच झाला आहे. असें बाड हातीं आलें म्हणजे त्यांत राजेरजवाड्यांचीं नांवें आहेत कीं नाहींत, एवढेंच बहुधा पाहिलें जातें. चार मराठी ग्रंथकारांच्या आधारें या प्रश्नाचा निर्णय करण्याचा आमचा हेतु आहे.

नैयायिकांच्या मतें शब्द हें प्रमाण खरें. पण तो शब्द आप्ताचा पाहिजे, म्हणजे वस्तु जशी आहे तशी जाणून तशीच सांगणाऱ्याचा पाहिजे. स्थानिक ग्रंथकाराला हें जाणण्याचें साधन बहुधा त्याच्या व्यवसायानेंच दिलेलें असतें. म्हणून त्याचा ग्रंथ वाचतांना पहिला प्रश्न असा विचारावा कीं, हा मनुष्य पोटासाठीं काय करीत होता?

गोविंद नारायण माडगांवकर (१८१५–१८६५) हे मुंबईंत शिक्षक होते. वनस्पतींपासून होणाऱ्या जिनसांविषयीं त्यांनीं १८५६ सालीं ‘उद्भिज्जन्य पदार्थ’ हें पुस्तक लिहिलें व १८६३ सालीं ‘मुंबईचें वर्णन’ प्रसिद्ध केलें. शहराचे बाजार, देवळें, धंदे व लोक यांची त्यांनीं जी मांडणी केली आहे, ती वर्गांत पाठ समजावून देणाऱ्याची आहे. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचा पैसा शहरांत लोटत होता व किल्ल्याचा तट त्याच दशकांत पाडला गेला. त्या संधिकालची मुंबई मराठींत पाहावयाची तर या शिक्षकाकडेच जावें लागतें.

त्रिंबक नारायण आत्रे मुलकी खात्यांत होते. त्यांच्या ‘गांव-गाडा’ (१९१५) या ग्रंथांत काळी व पांढरी, वतनें, बारा बलुते आणि फिरस्ते यांची व्यवस्था आली आहे. खळ्यावर रास पडली म्हणजे तिच्यांतून कोणाकोणाचा हक्क निघतो आणि कुणब्याच्या घरीं काय उरतें, हें त्यांनीं जवळून पाहिलें होतें. म्हणून बलुतेपद्धतीचें कौतुक न करतां तिचा भार किती, हें ते दाखवितात. मात्र फिरस्त्या जमातींविषयींची त्यांची दृष्टि अंमलदाराची आहे. ज्या व्यवसायानें डोळा दिला, त्यानेंच त्याला झांपडही लावलें, हें वाचकानें विसरूं नये.

नारायण गोविंद चापेकर यांनीं न्यायखात्यांतील नोकरीनंतर १९३३ सालीं उल्हास नदीकांठच्या आपल्या ‘बदलापूर’ या गांवावर ग्रंथ लिहिला. एका गांवाचे लोक, धंदे, शेती व चालीरीति एवढा मोठा ग्रंथ लिहिण्याच्या योग्यतेच्या आहेत, हेंच त्या काळीं नवें होतें. साक्षी तपासण्याची न्यायाधीशाची संवय येथें गांवाच्या कामीं आली.

या तिघांहून वेगळे विष्णुभट गोडसे, पेण तालुक्यांतील वरसईचे भिक्षुक. घरचें दारिद्र्य व कर्ज फेडावें, म्हणून बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेंतील यज्ञाची वार्ता ऐकून ते १८५७ सालीं चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. ते बंडांत सांपडले, आणि १८५८ सालीं इंग्रजांनीं झांशी घेतली तेव्हां शहरांतच होते. ही हकीकत त्यांनीं पुढें १८८३ सालीं लिहिली. त्यांत सेनापतीचे डावपेंच शोधूं नयेत. दक्षिणा, भोजन, यज्ञयाग, आश्रय देणारीं घरें आणि लुटींत गेलेली कमाई, हें भिक्षुकाला दिसतें व तेंच तो लिहितो. आणि वेढ्यांतील सामान्य माणसाचे हाल नेमके याच मार्गानें आपल्यापर्यंत पोहोंचतात. मधें पंचवीस वर्षें गेलीं होतीं, म्हणून तिथि व आंकडे इतर साधनांशीं ताडून पाहावे. झांशींतलें त्यांचें कथन प्रत्यक्ष आहे. राणीच्या ग्वाल्हेरीकडील अंताची हकीकत ऐकीव आहे. दोहोंस एकच मोल देतां येणार नाहीं.

परंतु खरी अडचण पुढें आहे. चिंतामण विनायक वैद्य यांनीं १९०७ सालीं ‘माझा प्रवास’ छापला. त्यांच्यामुळेंच तो लिहिला गेला व वांचला, हे उपकार निःसंशय मोठे आहेत. पण छापतांना त्यांनीं भाषेंत व मजकुरांत फेरफार केले. मूळ हस्तलिखित १९२२ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन झालें, आणि त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनीं मूळाबरहुकूम प्रत १९६६ सालीं प्रसिद्ध केली. म्हणजे एकोणसाठ वर्षें वाचकांपुढें जें होतें, त्यांत भटजी किती व संपादक किती, हें सांगतां येत नव्हतें. हस्तलिखित नष्ट झालें असतें तर तें कधींच सांगतां आलें नसतें. आप्ताच्या मुखांत दुसऱ्यानें शब्द घातले कीं त्याचें आप्तत्व संपतें, मग घालणारा कितीही विद्वान् असो.

यावरून संग्राहकांस आमची विनंति अशी. वैद्याच्या औषधांची टिपणें, भिक्षुकाचे हिशेब, खोतानें पिकापाण्याविषयीं लिहिलेलें बाड, पंतोजीची गांवाविषयींची वही, हीं निरुपयोगी म्हणून रद्दींत जाऊं देऊं नयेत. लेखकाचें नांव, गांव व व्यवसाय कळेल तितका टिपून ठेवावा. रुमालांतील कागदांचा मूळ क्रम मोडूं नये. नक्कल करतांना शुद्धलेखन सुधारूं नये. खोडलेलें तेंही नोंदावें. छापील प्रत निघाली म्हणून मूळ टाकून देणें हें तर सर्वांत मोठें पाप होय; गोडसेभटजींचा ग्रंथ आज आपणांस त्यांच्याच शब्दांत वाचतां येतो, तो मूळ कोणी तरी जपल्यामुळें.