बिदरीचा काळा रंग

बीदरच्या किल्ल्यात रंगीन महाल नावाची वास्तू आहे. सोळाव्या शतकात अली बरीदशहाने ती सजविली. तेथील काळ्या दगडात शिंपल्याच्या तुकड्यांची जी नक्षी जडविली आहे ती पाहिली म्हणजे, याच नगरात काळ्या धातूत रुपे बसविण्याची कला का रुजली असावी याचा तर्क करता येतो. अर्थात तो तर्कच होय. इराणी कारागिरांच्या आगमनाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. त्यांना लेखी आधार थोडा.

जुन्या बिदरी कामात हुक्क्याची पात्रे फार आढळतात. त्यांच्याशेजारी आजच्या बिदरी लेखण्या आणि पेनड्राइव्हची आवरणे मांडली, की परंपरेचे अभिमानी हळहळतात. ही हळहळ समजण्याजोगी असली, तरी इतिहासाला धरून नाही. तंबाखू दख्खनेत आली ती पोर्तुगीजांबरोबर. १६०४ च्या सुमारास असद बेगाने विजापुराहून ती अकबराच्या दरबारी नेली, तेव्हा तेथे ती नवलाईची चीज होती. म्हणजे बिदरीचा हुक्का हीदेखील एके काळची नवी टूमच.

वस्तू बदलत आल्या. बदलली नाही ती कृती. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतीव घडण करावयाची, कानशीने ती गुळगुळीत करावयाची, मग मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरती काळी करून तीवर नक्षी रेखावयाची. रेघांवर छिन्नी चालवून चर पाडले, की त्यांत रुप्याची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. पुन्हा घासले म्हणजे मोरचुदाचा काळेपणा निघून जातो, आणि मग मोठी मौज होते. जस्ताच्या करड्या पांढरेपणात रुपे हरवते. कित्येक दिवसांचे काम जवळजवळ दिसेनासे होते. किल्ल्याच्या जुन्या भागातील, ऊनपावसापासून आडोशाला राहिलेली माती नवसागराच्या पाण्यात कालवून वस्तूला लावली, की धातू काळाकुळकुळीत होतो आणि रुपे तेवढे पांढरे राहते. ही माती कारागीर जिभेवर ठेवून पारखतात.

हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले आणि या कलेचा मोठा आश्रयदाता गेला. १९५६ साली बीदर म्हैसूर राज्यात आले. पुढे भौगोलिक मानांकन मिळाले; २०२३ मध्ये बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देण्यात आली. हे सर्व योग्यच. परंतु गौरवाबरोबर वस्तू काचेच्या कपाटातही गेली, आणि तेथे तिचे एक नुकसान होते. पानदान रोज उघडले जाई, हुक्का हलविला जाई, तेलाच्या हाताने पुसला जाई. चर पुरेसा खोल खोदला होता की नाही, हे अशा हाताळण्यातूनच कळे. उथळ चरातील तार काही वर्षांत सुटू लागे. गिऱ्हाइकाला विकत घेताना ही खोली दिसत नाही, आजही दिसत नाही. शोभेच्या सुरईबाबत तो प्रश्न कधी निघणारही नाही. खिशात बाळगलेल्या लेखणीबाबत मात्र निघेल.