सान मिगेलचे गायरान

सांता फे येथील बावन्न इसमांनी 1794 साली गव्हर्नर फेर्नांदो चाकोन यांच्याकडे एक अर्ज केला. आहेत त्या जमिनी उदरनिर्वाहास पुरत नाहीत, तरी पेकोस नदीकाठची सान मिगेल देल वादो येथील मोकळी भूमी वसाहतीसाठी मिळावी, अशी त्यांची विनंती होती. त्यांत तेरा जण ‘हेनिसारो’ म्हणजे स्पॅनिश घरांत वाढलेले, मूळच्या इंडियन कुळांतले लोक होते. पंचवीस जणांपाशी बंदुका आहेत, हेही अर्जात आवर्जून नमूद आहे. न्यू मेक्सिकोच्या सरहद्दीवर वसू पाहणाऱ्याची ती पहिली लायकी! गव्हर्नरांनी सनद दिली, परंतु अटी घालून. ही भूमी अर्जदारांची तशीच पुढे येऊन वसणाऱ्या सर्वांची सामाईक राहावी, ही त्यांतली एक.

पुढे 1803 च्या मार्चमध्ये पेद्रो बाउतिस्ता पिनो यांनी लागवडीचे तुकडे चिठ्ठ्या टाकून अठ्ठावन्न कुटुंबांना वाटून दिले. उरलेले डोंगर, कुरण व जळणाचे रान गावाचे राहिले. हेच पिनो नंतर कादिसच्या कोर्तेसमध्ये न्यू मेक्सिकोचे प्रतिनिधी झाले.

मेक्सिको स्वतंत्र झाला, युद्धात हरला आणि 2 फेब्रुवारी 1848 रोजी ग्वादालुपे इदाल्गोचा तह होऊन हा प्रांत अमेरिकेकडे गेला. जमिनीच्या सनदांना स्पष्ट संरक्षण देणारे तहाचे दहावे कलम अमेरिकन सेनेटने गाळून टाकले. त्यामुळे जुन्या सनदा रद्द होत नाहीत, असे आश्वासन मे महिन्यात केरेतारो येथे लेखी देण्यात आले खरे. तथापि हक्क शाबीत करण्याचा भार पडला तो गावकऱ्यांवर : 1854 पासून सर्व्हेयर जनरलपुढे आणि 1891 पासून खास स्थापन झालेल्या भूमिदावा न्यायालयापुढे.

सान मिगेलचा दावा तेथे मान्य झाला. सरकारने अपील केले, आणि 1897 साली सर्वोच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश फुलर यांनी निकाल दिला तो असा : स्पॅनिश कायद्याप्रमाणे वाटून न दिलेल्या भूमीची मालकी राजाकडेच राहते, राजाकडून ती मेक्सिकोकडे व मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आली. दावा होता सुमारे 3 लाख 15 हजार एकरांचा. गावाच्या पदरात पडले सुमारे 5 हजार. सनदेत ‘सामाईक’ हा शब्द असताना त्याचा अर्थ केवळ वापराची मुभा असा घेतला गेला, हे आम्हांस आजही पटत नाही. पुढे 2004 साली अमेरिकन काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने न्यू मेक्सिकोतील 295 सनदांपैकी 154 सामुदायिक ठरविल्या. परंतु तहाचा कायदेशीर भंग झालेला नाही, असाच अभिप्राय दिला.

गोव्यातील गांवकरीचे कज्जे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा पेच अपरिचित वाटणार नाही. आफोंसो मेशीय याच्या 1526 च्या फोरालात गावांच्या चालीरीती राज्यकर्त्याच्या भाषेत उतरल्या, आणि तेव्हापासून गावाचे ते कोणते व राजाचे ते कोणते, हा प्रश्न कागदावरच लढविला जात आला.

कागदांची कथाही ऐकण्याजोगी आहे. गव्हर्नर विल्यम पाइल यांच्या कारकिर्दीत, 1870 साली, सांता फेच्या दप्तरातील कागद चक्क रद्दीच्या भावाने विकले गेले! लोकांनी गहजब केला तेव्हा काही भाग परत आला. ज्या कागदांवाचून दावे फेटाळले जायचे, त्यांची ही बूज! वाचलेल्या दप्तराचा काही भाग 1903 साली वॉशिंग्टनला गेला आणि 1923 साली परतला. राल्फ ट्विचेल यांनी त्याची दोन खंडांची सूची 1914 सालीच छापली होती. आज ते सांता फेच्या राज्य अभिलेखागारात आहे.

सामाईक राने हातची गेल्यावर या भागातील अनेक गावांच्या पुरुषांना मजुरीसाठी दूरदेशी जावे लागले. सान मिगेलच्या उत्तरेस, पर्वतरांगेपलीकडे, चामिसाल नावाचे तसेच एक खेडे आहे. रसेल ली या सरकारी छायाचित्रकाराने 1940 साली तेथे घेतलेली चित्रे वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. त्यांतील एका चित्रात बायका मातीच्या घराची भिंत हाताने लिंपीत आहेत. हे लिंपण दरवर्षी करावे लागते, एवढेच चित्राखाली लिहिले आहे.