डोंगराला वाकणारं इंजिन

भोरचा माणूस आहे म्हटलं की मुंबईकडची मंडळी हमखास विचारतात, "म्हणजे तो रेल्वेचा घाट तुमच्याकडचाच ना?" नव्हे हो. तो बोरघाट, खंडाळ्याचा. इंग्रजांनी आपल्या लिपीत लिहिताना त्याचा 'भोर' घाट केला, अन् तेव्हापासून हा घोटाळा चालू आहे. आमचं भोर पुण्याच्या दक्षिणेला. 1948 पर्यंत पंतसचिवांचं संस्थान. त्याला लागून वेल्हे, तोरणा अन् राजगडाचं. या दोन्ही तालुक्यांत आजतागायत रेल्वेचा रूळ पडलेला नाही. आगगाडी बघायची तर आमच्या लहानपणी पुण्याला नाहीतर नीरेला जावं लागायचं.

तरीपण मला रेल्वेवर लिहायचंय. आमचा सगळा मुलूख डोंगराचा, अन् डोंगरात वाट कशी काढायची याचे दोन धडे रेल्वेनं आपल्या सह्याद्रीतच घालून दिलेत.

पहिला धडा बोरघाटाचा. काम 1856 ला सुरू झालं, 1863 ला गाडी धावली. गाडी मोठी, रूळ रुंद, इंजिन जड. अशा गाडीला एकदम वळता येत नाही अन् फार चढताही येत नाही. म्हणून ठरलं, गाडी आहे तशीच राहील, डोंगर बदलायचा. 25 बोगदे पाडले, दऱ्यांवर पूल बांधले. एवढं करूनही चढ 37 फुटांना 1 फूट राहिलाच, अन् मध्ये एका जागी गाडीला उलटं तोंड करून पुढं न्यावं लागायचं. एका वेळेला चाळीस हजारांच्या वर माणसं त्या कामावर होती. पटकी अन् तापानं किती मेली त्याची नावं कुठं लिहिलेली नाहीत. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली विलायतेहून आला अन् थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या बायकोनं, अॅलिसनं, ठेका मागं टाकला नाही, काम पुरं करून घेतलं. तिचं नाव तरी राहिलं. सुरुंगाच्या तोंडाशी बसणाऱ्या बिगाऱ्यांचं तेही नाही.

दुसरा धडा माथेरानचा. तो शिकवणारा इंजिनिअर म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा माणूस आधी मुंबईकडच्या जी. आय. पी. रेल्वेत नोकरीला होता. त्याचं म्हणणं असं, की मुलूख गरीब असेल, माल थोडा असेल, तर रूळ अरुंद घाला, गाडी हलकी करा, म्हणजे खर्च झेपेल. त्याच्या विचारानं 1897 साली कुर्डुवाडी-बार्शी ही अडीच फुटी गाडी सुरू झाली. पुढं तीच पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. आमच्याकडचे म्हातारे वारकरी तिला 'बार्शी लाइट' म्हणायचे. येताना पाय थकले की त्या गाडीनं यायचे, अन् "पळत्या गाडीतून उतरून परत चढता येतं" असं हसून सांगायचे.

माथेरानला रूळ आणखी अरुंद, दोन फुटी. मुंबईचे सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेलं. खर्च सोळा लाख. 1907 ला गाडी चालू झाली. नेरळ ते माथेरान एकवीस किलोमीटर, चढ वीस फुटांना एक फूट, म्हणजे बोरघाटाच्या जवळपास दुप्पट. अन् बोगदा सगळ्या वाटेत एकच, तोही एवढासा. बाकी सगळी वाट डोंगराच्या अंगानं, सोंडेला वळसे घेत घेत जाते. आपली जनावरं चरायला वर जाताना जशी पायवाट पाडतात, अगदी तशी.

आता अशा वळणावर इंजिन वळायचं कसं? ही सगळी गोम इथंच आहे. बैलगाडीला आस एक, चाकं दोन. ती जागच्या जागी फिरते. पण जत्रेतला देवाचा रथ आठवा. दोन आस, चारही चाकं सरळ ठोकलेली. तो वळवायचा म्हणजे चाकाखाली पाचरी घालून वीस माणसांनी कोलायचा. माथेरानच्या इंजिनाला आस तीन. सरळ ठोकले असते तर पहिल्याच वळणावर चाकाची कड रुळावर चढली असती, नाहीतर रूळ तरी उसवला असता.

ही इंजिनं बनवली जर्मनीतल्या ऑरेन्स्टाइन अँड कोपेल या कारखान्यानं. एकूण चार. त्यात त्यांनी क्लीन अन् लिंडनर या दोन जर्मन इंजिनिअरांची युक्ती वापरली. मधला आस पक्का. पुढचा अन् मागचा आस मात्र दुहेरी. आत एक भरीव आस, तो इंजिनाच्या सांगाड्यात सरळ बसवलेला, दांडे त्यालाच फिरवतात. त्याच्यावरून एक पोकळ नळी, अन् चाकं त्या नळीवर. आतल्या आसाला मधोमध एक गोळा, गोळ्यातून आरपार खीळ. आतला आस फिरला की खिळीमुळं नळी फिरते, पण गोळ्यामुळं ती थोडी तिरपी होऊ शकते, थोडी बाजूला सरकू शकते. माणसाच्या खुब्यासारखंच म्हणा. ओढायची ताकद सरळ राहते, चाकं रुळाप्रमाणं वळतात.

जगात याच्याही पुढं गेलेली इंजिनं आहेत. गॅरट जातीच्या इंजिनात बॉयलर मधे टांगलेला अन् चाकांचे दोन वेगळे गाडे दोन टोकांना, दोन्ही आपापले वळणारे. पहिलं गॅरट 1909 ला टास्मानियात गेलं, तेही दोन फुटी रुळावरचं. 1911 ला एक दार्जिलिंगला आलं. माथेरानला एवढ्या मोठ्या धुडाची गरज नव्हती. माल बेताचा, माणसं बेताची. गरजेपुरतंच वाकणारं इंजिन घेतलं, अन् ते पाऊणशे वर्षं चाललं.

हे सगळं मला दहावी शिकलेल्या माणसाला कळलं ते माझ्या भाच्यामुळं. तो शिरवळच्या बाजूला एका कारखान्यात टर्नर होता. कारखान्यानं माणसं कमी केली, त्यात हा घरी बसला. हाताला काम नाही म्हणून त्यानं जुनी लेथ विकत घेतली अन् माथेरानच्या इंजिनाची लहान प्रतिकृती करायला घेतली. शोभेची नव्हे, खऱ्या वाफेवर चालणारी. रूळ 45 मिलिमीटरचे, म्हणजे खऱ्याच्या साडेतेरापट लहान. आक्का कावली. "ह्या खेळण्यानं पोट भरणारे का?" म्हणाली. त्यावर तो काही बोलला नाही.

बॉयलर तांब्याचा. जोडाला चांदीचा डाग दिला, कारण साधं कथील त्या उष्णतेला वितळतं. आधी त्यात पाणी भरून पंपानं दुप्पट दाब दिला. मला म्हणाला, "मामा, पाण्यानं फुटला तर नुसता गळतो. वाफेनं फुटला तर तोंड भाजतो." खाली स्पिरिटच्या वाती. चाळीस पौंडाला वरची झडप आपोआप उघडून जादा वाफ सोडून देते.

पहिल्यांदा त्यानं तिन्ही आस सरळच ठेवले. पोकळ आसाचं काम अवघड, म्हणून टाळलं होतं. अंगणात रुळाचा गोल मांडला. सरळ पट्टीवर इंजिन झकास पळालं, वळणावर गेलं की चाक चढून आडवं. मग रूळ मोठ्या गोलाचे करायचे तर अंगणातली तुळस अन् गोठ्याची पायरी काढावी लागली असती. एक जण म्हणालाही, "काढ की पायरी, त्यात काय!" भाच्यानं पायरी काढली नाही. परत लेथवर बसला. वाटाण्याएवढा गोळा, त्यात केसाएवढी खीळ, वरून नळी. दोन आसांना दीड महिना गेला. मग तेच इंजिन, त्याच वळणावर, तुळशीला वळसा घालून फुसफुसत गेलं. मागं भाताच्या लोंब्या भरलेले दोन डबे पोरांनी जोडले, तेही ओढले. ते काम बघून एका वर्कशॉपवाल्यानं त्याला बारीक भाग कातायचं काम दिलंय. पोटाचा प्रश्न सगळा सुटला असं नाही, पण लेथ चालू आहे.

मला त्या पायरीचंच राहून राहून वाटतं. आज आमच्या वेल्ह्यात, भोरात पोकलेन आला की पहिला घाव डोंगराच्या पायाला. रस्ता सरळ पाहिजे, बंगल्याला सपाट जागा पाहिजे. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. उतारावर केलेलं सपाटीकरण हेही एक कारण जाणकारांनी सांगितलं होतं. वरंधा घाटात दरड आली की आमचा महाडचा रस्ता बंद, हे तर दर पावसाळ्याचं. माथेरानची गाडीही पावसाळ्यात नेरळहून वर जात नाही. पाऊस म्हणजे डोंगराची वेळ, ती त्याला दिलेली आहे.

वाफेची गाडी 1980 च्या सुमारास थांबली, डिझेल आलं. चारपैकी एक इंजिन नेरळला ठेवलंय, एक पार इंग्लंडला गेलं. पण रुळाची वाट तीच राहिली. 2005 च्या महापुरानं ती जागोजागी उखडली, तरी दोन वर्षांत परत त्याच वाटेवर गाडी चढली.

आमच्या वाडीच्या वरच्या अंगानं नवीन रस्त्याची आखणी झालीय. जुनी बैलगाडीची वाट सात वळणं घेते. नव्या आखणीत वळणं दोनच, पण त्यासाठी वाडीच्या डोक्यावरची सोंड तोडायची. ग्रामसभेत मी उभा राहून सांगितलं, की वळणं राहू द्या, पाहिजे तर गाडी लहान आणा. काही हसले. एक तरुण पोरगा म्हणाला, "काका, दवाखान्याची गाडी लवकर यायला नको का?" त्याचंही खोटं नाही. बाळंतिणीला डोलीतून खाली आणलेलं मी पाहिलंय. पण जुनी वाट रुंद करून, खडी-डांबर करून तीही गाडी येते. दहा मिनिटं जास्त लागतील. सोंड तोडली अन् एखाद्या श्रावणात ती खाली आली, तर गाडी कोणासाठी आणायची?

मोजणी दिवाळीनंतर आहे. जुन्या वाटेच्या सातही वळणांची मापं मी अन् भाच्यानं टेपानं घेऊन ठेवलीत. मोजणीवाले आले की तो कागद त्यांच्या हातात देणार आहे.