बहुमताने चोर

चोर पकडायचा खेळ न खेळता मोठा झालेला माणूस मराठी घरात सापडणं कठीण. आमच्या पिढीचा हा खेळ म्हणजे राजा-मंत्री-चोर-शिपाई. भांडवल फार लागत नसे. वहीच्या मागच्या पानाच्या चार चिठ्ठ्या आणि पान फाडल्याबद्दल नंतर मिळणारा धपाटा, एवढाच खर्च. चिठ्ठ्या उधळायच्या, प्रत्येकाने एक उचलायची. राजाने ऐटीत आपली ओळख सांगून विचारायचं, "माझा मंत्री कोण?" मंत्री पुढे आला, की उरलेल्या दोघांतला चोर त्याने ओळखायचा. राजाला हजार, मंत्र्याला आठशे, शिपायाला पाचशे आणि चोराला भोपळा, असा आमच्या वाड्यातला दर होता. मंत्री चुकला तर त्याचे आठशे चोराच्या खात्यात जमा! हा नियम ज्याने कोणी केला त्याला राज्यकारभाराची चांगली माहिती असावी.

खेळ झकास होता, पण तो होता राजेशाहीतला. संशय घेण्याचा अधिकार एकट्या मंत्र्याला. शिपाई बिचारा निरपराध असूनही गप्प बसणार. "मी नाही त्यातला" हे त्याने म्हणायचं, आणि तेच वाक्य त्याच सुरात चोरानेही म्हणायचं. चर्चा नाही, सभा नाही, ठराव नाही. मराठी माणसाला ज्यात खरा रस, त्यातलं काहीच नाही.

या खेळात लोकशाही आली ती मॉस्कोहून. छपाईची चूक नव्हे, मॉस्कोच लिहिलं आहे.

झालं असं. १९८६-८७ च्या सुमारास मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दिमित्री डेव्हिडॉफ यांनी एक खेळ बसवला. नाव 'माफिया'. इटलीतल्या माफियांवरची एक दूरदर्शन मालिका त्या काळात सोव्हिएत घराघरांत गाजत होती, त्यामुळे नाव कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. नियम सोपे. सगळ्यांनी गोल बसायचं. गुपचूप पानं वाटायची. दोघं-तिघं माफिया, बाकीचं सगळं सज्जन गाव. एक सूत्रधार. तो म्हणतो, "गाव झोपलं," की सगळ्यांनी डोळे मिटायचे. मग फक्त माफियांनी डोळे उघडायचे, एकमेकांना ओळखून घ्यायचं आणि पुढच्या रात्रींना खुणेने एकेक गावकरी टिपायचा. सकाळ झाली की गावाने सभा भरवायची, चोर कोण यावर कडाकडा भांडायचं आणि शेवटी मतदान करून एकाला फासावर द्यायचं. या सभेत माफियाही गावकरी म्हणून बसलेले असतात आणि गावाच्या भल्याची सर्वांत जास्त काळजी तेच वाहतात. सगळे माफिया गेले तर गाव जिंकलं. माफिया आणि गावकरी बरोबरीत आले तर गाव बुडालं.

आता वर्ष बघा. गोर्बाचेव्ह १९८५ साली सत्तेवर आले होते, मोकळेपणाचे वारे वाहू लागले होते. पण एकाहून जास्त उमेदवार उभे आहेत अशी देशव्यापी निवडणूक त्या लोकांना कित्येक दशकांनंतर पाहायला मिळाली ती मार्च १९८९ मध्ये. म्हणजे वसतिगृहातली पोरं रात्री दिवे बारीक करून 'याला काढा, त्याला ठेवा' असं मतदान देशाच्या आधी दोन वर्षं करत होती. शेजारी कोण, खबऱ्या कोण, हे प्रश्न त्या देशात आजोबांच्या काळापासून कुजबुजतच विचारले जात होते. डेव्हिडॉफनी ते गोल बसून मोठ्याने विचारायला लावले, एवढंच.

खेळ वर्गांतून वसतिगृहांत, वसतिगृहांतून उन्हाळी शिबिरांत, आणि नव्वदच्या दशकात युरोप-अमेरिकेत गेला. पट नाही, सोंगट्या नाहीत, खोका नाही. विकण्यासारखं काही नसल्यामुळे अडवणारं कोणी नव्हतं. १९९८ साली तर कॅलिनिनग्राडच्या पोलिसी विद्यालयाने, हावभावांवरून माणूस कसा वाचावा हे शिकवायला या खेळाचं पाठ्यपुस्तक काढलं. पोलिसांनी चोर-पोलीस खेळून शिकावं, याहून मूलभूत शिक्षण ते कुठलं!

या खेळाची मेख काय, ती सांगतो. माफिया थोडे, पण ते एकमेकांना ओळखतात. गाव मोठं, पण कोणी कोणाला ओळखत नाही. अकरा जणांत तीन माफिया धरा. पहिल्या सकाळी गावाने डोळे झाकून मत दिलं, तर अकरांत आठ वेळा आपलाच माणूस फासावर जाणार. असं तीन दिवस चुकलं, मधल्या दोन रात्री दोन बळी गेले, की उरले सहा : तीन हे, तीन ते. खेळ खलास. २००८ साली ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मॉसेल या तिघा गणितज्ञांनी यावर अख्खा शोधनिबंध लिहिला. गावाजवळ गुप्त पोलीस वगैरे काही नसेल, तर दोन्ही बाजूंना बरोबरीची संधी मिळायला माफिया किती लागतात? उत्तर आलं, साधारण गावाच्या वर्गमुळाइतके. म्हणजे शंभराच्या गावात पन्नास लागत नाहीत, चाळीस लागत नाहीत, दहाच्या आसपास पुरतात. आणि दहा हजारांच्या गावात? शंभरेक! गाव जितकं मोठं, तितकं ते स्वस्तात मिळतं. गणितात नेहमी काठावर पास होणाऱ्या मला हे उत्तर लगेच पटलं. मी एका मोठ्या गृहनिर्माण सोसायटीत राहतो.

मागच्या दिवाळीत आमच्या घरी बारा माणसं जमली होती. पुतण्याने हा खेळ काढला. आवाज खणखणीत म्हणून सूत्रधार मला केलं. सूत्रधाराचे डोळे सदैव उघडे. कोण कोण आहे हे त्याला ठाऊक असतं आणि तोंड मात्र बंद ठेवावं लागतं. देवाला रोज काय वाटत असेल याची थोडी कल्पना त्या रात्री आली.

पहिल्या डावात गावाने पुतण्याच्या बायकोला फासावर दिलं. लग्नाला सहा महिने झालेले. कारण? "ती गप्प बसलीय. गप्प माणसाच्या मनात काहीतरी असतं." पान उलटलं. सज्जन गावकरी! दुसऱ्या डावात ती बिचारी धीर करून बोलली. सगळे एका सुरात म्हणाले, "आज फार बोलतेय. काहीतरी लपवतेय." गेली. पुन्हा गावकरीच निघाली. तिसऱ्या डावात तिने अजून 'अ'सुद्धा काढला नव्हता, तोच आमचे मेहुणे म्हणाले, "दोनदा हिच्यावर संशय आला. उगीच येईल का?" हात वर झाले. गावकरी! आणि या तिन्ही डावांत कडेच्या आरामखुर्चीत बसलेली माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची मावशी दोनदा माफिया होती. प्रत्येक वेळी ती "पोर चांगली आहे हो, पण तुम्ही सगळे म्हणताय तर..." असं कळवळून म्हणायची आणि सर्वांत शेवटी हात वर करायची.

मेलेल्या माणसाला या खेळात काम नसतं. म्हणून तिन्ही वेळा चहा टाकायला तीच उठली. हसत उठली, पण तिसऱ्या खेपेला कपबशांचा आवाज जरा जास्त आला. सौ. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "खेळच आहे ना हा?" मी सूत्रधार. उत्तर द्यायची सोय नव्हती.

हे मेलेल्यांचं दुःख मोठमोठ्या खेळकर्त्यांनाही छळत आलं आहे. १९९७ साली अमेरिकेतल्या अँड्र्यू प्लॉटकिन यांनी माफियांची हकालपट्टी करून त्यांच्या जागी नरलांडगे आणले. दिवसा चारचौघांसारखा, रात्री लांडगा, हे रूपक त्यांना जास्त चपखल वाटलं. (पाश्चात्त्यांना त्यासाठी लांडगा लागतो. आपल्याकडे बढतीची यादी पुरते.) २००१ साली फ्रान्समध्ये या लांडग्यांचा खोका विकायला आला आणि चेटकीण, भविष्य सांगणारी बाई असा मोठा गोतावळा गावात राहायला आला. तरी मेलेला तो मेलेलाच. भिंतीला टेकून जांभया देणार. २००९-१० च्या सुमारास डॉन एस्क्रिज यांनी 'द रेझिस्टन्स' नावाच्या खेळात फाशीच रद्द केली. तिथे मत द्यायचं ते मोहिमेवर कोणाला पाठवायचं यावर, आणि मोहीम फसली की संशय सुरू. रशियात तर याच्या रीतसर स्पर्धा भरतात : दहा खेळाडू, त्यांतले तीन काळे, आणि प्रत्येकाला बोलायला मोजून एक मिनिट. मिनिटभरात बोलणं संपवणारी सभा म्हणजे शिस्तीची कमालच म्हणायची.

मग आला 'अमंग अस'. २०१८ साली इनरस्लॉथ नावाच्या तीन-चार माणसांच्या अमेरिकन कंपनीने तो काढला. अंतराळयान, त्यात रंगीबेरंगी कवच घातलेले प्रवासी आणि त्यांच्यात मिसळलेले एक-दोन भामटे. इथे मेलेल्यांना काम मिळालं. भूत होऊन यानाची राहिलेली दुरुस्ती पुरी करायची. (मेल्यावरही काम सुटत नाही, हे त्यांना सांगावं लागलं. आपल्या बायकांना कधीच माहीत होतं.) दोन वर्षं खेळाकडे कुत्रं फिरकलं नाही. २०२० साली महासाथीने जग घरात कोंडलं आणि कोट्यवधी लोक एकमेकांवर संशय घेत बसले. त्याच ऑक्टोबरात अमेरिकी काँग्रेसच्या सदस्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी, लोकांनी खऱ्या निवडणुकीत मत द्यावं म्हणून हा खेळ जाहीरपणे खेळून दाखवला. चार लाखांहून जास्त लोक एकाच वेळी बघत होते.

आमच्याकडे चौथा डाव व्हायच्या आधी सूनबाई चहाचा ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, "काका, एक विचारू? कोणी कोणाला मत दिलं हे मी लिहून ठेवलं तर चालेल?" नियमात मनाई नव्हती. रद्दी कागदावर तिने रकाने आखले. दोन सकाळी तिने नुसतं टिपून घेतलं. कागदामुळे की काय, तिच्यावर या वेळी कोणाचा हात उठला नाही. तिसऱ्या सकाळी ती कागद बघून म्हणाली, "मावशीआजी कोणाचं नाव कधी आधी घेत नाहीत. बहुमत झालं की मगच हात वर करतात. कालही तसंच, परवाही तसंच." खोलीत शांतता. मावशीने चष्मा पुसला. पान उलटलं. माफिया! टाळ्या सर्वांत जोरात मावशीनेच वाजवल्या.

त्या पोरीला ठाऊक नसेल, पण ग्रीसमधल्या संशोधकांनी हेच केलं आहे. प्राचीन अथेन्समध्ये वर्षातून एकदा नको असलेल्या पुढाऱ्याला मतदानाने दहा वर्षं हद्दपार करता येई. नाव खापरीवर कोरायचं. आरोप नको, पुरावा नको, कारण नको. अॅरिस्टायडीसला इ.स.पू. ४८२ मध्ये असंच घालवलं. एका अडाणी मतदाराने नेमकी त्याच्याकडूनच त्याचं नाव खापरीवर लिहून घेतलं, आणि का म्हणून विचारल्यावर, त्याला सगळे 'न्यायी, न्यायी' म्हणतात ते ऐकून कंटाळा आला असं सांगितलं, अशी कथा प्लूटार्कने दिली आहे. खरं-खोटं प्लूटार्क जाणे, पण ते कारण आमच्या मेहुण्यांच्या कारणाहून वाईट नाही. पुढे गेल्या शतकात अॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाच्या १९० च्या आसपास खापऱ्या सापडल्या. अक्षरं ताडून पाहिली, तर लिहिणारे हात अवघे चौदा! निरक्षरांची सोय म्हणून लिहिल्या असतील, तसंही म्हणता येईल. पण वर्गमुळाचा हिशेब करून बघा : १९० चं वर्गमूळ चौदाच्या जरा खाली येतं. योगायोग खराच, तरी अंगावर शहारा येतो. अडीच हजार वर्षांनी ते चौदा सापडले, कारण खापऱ्या राहिल्या. कोणी कोणाचं नाव लिहिलं, त्याची नोंद राहिली. न ओळखणाऱ्या पुष्कळांजवळ ओळखणाऱ्या थोड्यांविरुद्ध एवढं एकच हत्यार असतं.

खेळात शेवटी पान उलटतं हा मोठा उपकार. माणूस निर्दोष होता हे निदान कळतं, गाव चुकचुकतं आणि दुसऱ्या डावाला बसतं. बाहेर ती सोय नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीने एका खजिनदारांना बहुमताने घरी बसवलं. "फार हिशेब विचारतात" हे कारण. त्यांचं पान अजून कोणी उलटलेलं नाही. ते मात्र दर सभेला येतात, मागच्या रांगेत बसतात, आणि ठरावावर हात वर झाले की खिशातली डायरी काढून शांतपणे काहीतरी टिपून घेतात. हल्ली त्यांच्या शेजारची खुर्ची मी आधीच रुमाल टाकून धरून ठेवतो.