तांबड्या विंचवाचे विष : नामे व शोध

जत तालुका हा सांगली जिल्ह्याचा पूर्वेकडील अवर्षणप्रवण प्रदेश. मराठी व कन्नड या दोन्ही भाषा येथे नांदतात. म्हणून 'विंचू' आणि 'चेळु' हे दोन्ही शब्द या भागात कानी पडतात. मोठ्या विंचवास मराठीत 'इंगळी' म्हणतात. परंतु घातकतेत दख्खनचा लहान तांबडा विंचू तिला मागे टाकतो. फॅब्रिशियस या डॅनिश निसर्गशास्त्रज्ञाने १७९८ मध्ये त्यास 'टॅम्युलस' असे जातिनाम दिले. त्यात 'तमुल', म्हणजे तमिळ देशाचा निर्देश आहे. (तमिळमधील 'तेळ' हा शब्द कन्नड 'चेळु'चाच सगोत्र होय.) प्राण्याचे वंशनाम पुढे अनेकदा बदलले, जातिनाम मात्र टिकले.

१९९० मध्ये अमेरिकेतील मर्क कंपनीच्या संशोधकांनी याच विंचवाच्या विषातून ३७ अमिनो आम्लांचे एक लहान प्रथिन वेगळे केले व त्यास 'आयबेरिओटॉक्सिन' हे नाव दिले. नावावरून स्पेन-पोर्तुगालचा भास व्हावा, आणि विष मात्र भारतीय विंचवाचे! पेशीपटलात पोटॅशियमच्या काही वाहिन्या अशा असतात की, पेशीत कॅल्शियम वाढताच त्या उघडतात. पोटॅशियम बाहेर पडते व रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल होतात. त्यांपैकी मोठ्या वहनक्षमतेच्या वाहिनीचे मुख हे प्रथिन बाहेरून बुजविते, इतर वाहिन्यांस सहसा स्पर्श करीत नाही. कोणत्या ऊतीत ही वाहिनी काय कार्य करते, हे ठरविण्यास त्यामुळे एक विश्वसनीय साधन लाभले. २००२ मध्ये याच विषातून लहान वहनक्षमतेच्या वाहिनीस रोधणारे 'टॅमापिन' मिळाले; या नावात तरी 'तमुल'ची खूण राहिली. औषधाचे लक्ष्य म्हणून या वाहिन्यांकडे मोठ्या अपेक्षेने पाहिले गेले. तथापि पक्षाघातावर योजिलेले, मोठी वाहिनी उघडणारे एक संयुग विस्तृत चाचण्यांत निष्प्रभ ठरले.

येथे एक गल्लत टाळावयास हवी. माणसास मारते ते आयबेरिओटॉक्सिन नव्हे. विषातील अन्य घटक मज्जातंतूंच्या सोडियम वाहिन्यांवर आघात करितात, शरीरात ॲड्रिनॅलिनवर्गीय द्रव्यांचा पूर लोटतो, आणि हृदय व फुप्फुसे त्याखाली कोलमडतात. हे रूप ओळखले ते प्रयोगशाळेत नव्हे, तर रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात, रोग्याच्या उशाशी. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध येथे वापरले. १९६१ ते १९८३ या काळात पश्चिम भारतातील अशा रोग्यांत २५ ते ३० टक्के मृत्यू नोंदले गेले होते. प्राझोसिननंतर ते प्रमाण १ टक्क्याखाली आले. हे औषध कॅल्शियमने उघडणाऱ्या वाहिन्यांवर नव्हे, तर ॲड्रिनॅलिनवर्गीय द्रव्यांच्या ग्राहींवर कार्य करते.