हक्क आणि मेहेरबानी : दक्षिणेतील इस्लामी परोपकारकल्पना आणि मराठीतील तिचे अवशेष

पैनगंगेच्या काठचे किनवट हे भाषांच्या सीमेवरचे गाव आहे. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा आणि दख्खनी या बोली तेथे शतकानुशतके एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा तालुका नांदेड जिल्ह्यात आला. तोपर्यंत तो हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. संस्थानाचा कारभार प्रथम फार्सीत आणि १८८४ पासून उर्दूत चालत असल्यामुळे सारा, खटला, अर्ज, इनाम या निमित्तांनी अरबी-फार्सी शब्द येथील लोकभाषेत खोलवर रुजले. यांतील बऱ्याच शब्दांचे मूळ प्रशासनात नसून धर्मविचारात आहे. जकात, खैरात, हक्क, गरीब हे शब्द मुळात माणसाने माणसाशी कसे वागावे या प्रश्नाशी संबंधित होते. मराठीत आल्यावर त्यांचे अर्थ पालटले. हा पालट भाषेच्या लहरीतून झाला, की या शब्दांमागील संस्थांच्या इतिहासातून, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

१. मूळ कल्पना

इस्लाममधील परोपकारविचाराचे वैशिष्ट्य असे की, त्यात दयेला केवळ मनाचा उमाळा मानलेले नाही. 'रहम' म्हणजे दया हा ईश्वराचा गुण होय, आणि जो इतरांवर दया करीत नाही तो ईश्वराच्या दयेस पात्र ठरत नाही, अशी शिकवण हदीसमध्ये आढळते. तथापि या भावनेस कुराणाने कर्तव्याची चौकट दिली. श्रीमंताच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा 'हक्क' असतो, असे कुराणातील ५१ व्या व ७० व्या अध्यायांत सांगितले आहे. म्हणजे देणारा आपल्या पदरचे देत नसून दुसऱ्याचे त्यास परत करीत असतो. १०७ व्या अध्यायात तर अनाथास झिडकारणारा आणि भुकेल्यास अन्न देण्याविषयी उदासीन राहणारा मनुष्य धर्मच नाकारतो, असा निर्वाळा दिलेला आहे.

या कर्तव्याचे शास्त्रकारांनी दोन भाग केले. 'जकात' हे सक्तीचे दान. सोने, चांदी व व्यापारी माल ठराविक मर्यादेपलीकडे वर्षभर बाळगणाऱ्याने त्याचा चाळिसावा भाग द्यावयाचा. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा आणि पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा भाग अशी शेतमालाची सर्वसाधारण प्रमाणे होत. या धनाचे विनियोग कुराणाच्या ९ व्या अध्यायात सांगितले असून त्यांत निर्धन, कर्जबाजारी, दास्यातून मुक्त व्हावयाचे लोक आणि वाटसरू यांचा समावेश आहे. 'सदका' हे ऐच्छिक दान. त्याची व्याप्ती मोठी आहे. रस्त्यातील काटा दूर करणे, हसतमुखाने बोलणे हेदेखील हदीसनुसार सदकाच होय. तहानलेल्या कुत्र्यास विहिरीत उतरून पाणी आणून पाजणाऱ्या मनुष्यास ईश्वराने क्षमा केली, ही हदीसमधील कथा मराठवाड्यातील वाचकास एकनाथांविषयीच्या आख्यायिकेची आठवण करून देईल. रामेश्वरास न्यावयाच्या कावडीतील गंगाजल नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, असे परंपरा सांगते. दोन्ही कथांत पात्रापात्रतेचा विचार गळून पडतो आणि समोरच्या जीवाची तहान हेच एकमेव प्रमाण उरते.

येथेच एक कठीण प्रश्न उपस्थित होतो. दया कोणावर करावयाची? ४ थ्या अध्यायात नातलग शेजाऱ्याबरोबर 'परक्या' शेजाऱ्याशीही चांगले वागण्याची आज्ञा असून, हा परका शेजारी म्हणजे अन्यधर्मीय असा अर्थ काही भाष्यकारांनी केला आहे. ७६ व्या अध्यायात निर्धन आणि अनाथ यांच्या जोडीला बंदिवानासही अन्न देणाऱ्यांची प्रशंसा आहे. उलटपक्षी, जकातीचे धन मात्र मुसलमानांनाच द्यावे, अन्यधर्मीयांना ऐच्छिक दानातून द्यावे, असे बहुसंख्य शास्त्रकारांचे मत पडले. तत्त्वाची व्यापकता आणि शास्त्राची मर्यादा यांतील हा ताण दक्षिणेच्या इतिहासात प्रत्यक्ष दिसून येतो.

२. कंधारची अनाथशाळा

बहमनी घराण्यातील दुसरा महंमदशहा १३७८ ते १३९७ या काळात गादीवर होता. फिरिश्ता हा इतिहासकार त्यास महमूद म्हणतो, परंतु नाण्यांवरील नाव महंमद असेच आहे. त्याच्या कारकीर्दीत दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. दुष्काळाची झळ न लागलेल्या माळवा व गुजरात या प्रांतांतून धान्य आणण्यासाठी सरकारी बैलांचे तांडे सतत ये-जा करू लागले आणि ते धान्य स्वस्त दराने विकण्यात आले. याच सुलतानाने गुलबर्गा, बिदर, कंधार, एलिचपूर, दौलताबाद, चौल, दाभोळ इत्यादी ठिकाणी अनाथ मुलांसाठी शाळा स्थापन केल्या. मुलांच्या शिक्षणाबरोबरच त्यांच्या अन्नाचा व निवासाचा खर्चही सरकारातून होत असे. आंधळ्यांनाही वेतन बांधून देण्यात आले होते.

या यादीतील कंधार हे आजच्या नांदेड जिल्ह्यातील ठिकाण होय. मराठवाड्यातील एका गावी १४ व्या शतकाच्या अखेरीस अनाथांच्या पोषणाची व विद्येची जबाबदारी राज्याने उचलली होती, ही गोष्ट सामान्य नव्हे. कुराणातील अनाथविषयक आज्ञेचे ते संस्थारूप होते. परंतु याच प्रकरणाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. सर वूल्झली हेग यांनी 'केंब्रिज हिस्टरी ऑफ इंडिया'च्या १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात असे नमूद केले आहे की, हे स्वस्त धान्य केवळ मुसलमानांनाच विकले जाई. तसे असल्यास सुलतानाने जकातीच्या वाटपाचा संकुचित नियम दुष्काळनिवारणास लावला, असे म्हणावयास हरकत नाही. दुष्काळ मात्र धर्म पाहून आला नव्हता. ज्या कुणब्याच्या साऱ्यावर राज्य उभे होते तोच या धान्याला पारखा झाला असेल, तर परक्या शेजाऱ्याविषयीची आज्ञा येथे अपुरी पाळली गेली, असाच निष्कर्ष निघतो. हा निकष बाहेरून आणलेला नाही. तो त्याच धर्मग्रंथातला आहे.

३. खानकाह आणि पाणचक्की

राज्यसंस्थेहून वेगळ्या मार्गाने हाच विचार सूफींच्या खानकाहांतून प्रकट झाला. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दौलताबादेस राजधानीचा दर्जा दिल्यानंतर दिल्लीहून जे चिश्ती साधू दक्षिणेत आले त्यांत निजामुद्दीन अवलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब हे प्रमुख होत. १३३७ मध्ये त्यांचे निधन झाले. खुलताबाद येथे त्यांचा दर्गा आहे. त्यांच्या वचनांचे संग्रह शिष्यांनी फार्सीत करून ठेवले. त्यांपैकी 'अहसन-उल-अक्वाल' व 'नफाइस-उल-अन्फास' हे प्रसिद्ध आहेत. चिश्ती परंपरेचा दंडक असा की, न मागता जे येईल ते स्वीकारावे आणि साठवून न ठेवता वाटून टाकावे. खानकाहाच्या दारी आलेल्यास जात-धर्म न विचारता अन्न द्यावे. सरकारी जहागीर घेणे या परंपरेच्या आद्य पुरुषांनी गौण मानले होते, कारण जहागिरीबरोबर जहागीरदाराची वृत्ती येते.

पुढील काळात हे व्रत टिकले नाही. साधूंच्या निधनानंतर दर्ग्यांना गावे इनाम मिळाली, उत्पन्न निश्चित झाले, त्याबरोबर सेवेकऱ्यांचे वंशपरंपरागत हिस्सेही निश्चित झाले. दानाचा ओघ संस्थेत बांधला गेला की, त्यावर प्रथम अधिकार कोणाचा, दारी आलेल्या भुकेल्याचा की व्यवस्थापकाचा, हा वाद अपरिहार्य होतो. इनाम मिळालेल्या मंदिरांचा व मठांचा इतिहासही यापेक्षा फार निराळा नाही.

तथापि बांधलेला ओघही सत्कार्यास लागू शकतो, याचे उदाहरण म्हणून पूर्वीच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर शहरातील पाणचक्कीकडे बोट दाखविता येईल. मध्य आशियातून आलेले नक्शबंदी साधू बाबा शाह मुसाफिर यांची खानकाह येथे होती. शहराबाहेरील टेकड्यांतून नहरीने आणलेले पाणी उंचावरून सोडून त्याच्या जोरावर जाते फिरविण्याची योजना १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात झाली. तिचे श्रेय तुर्कताझखान या सरदारास देण्यात येते आणि १७४४ हे तिचे वर्ष समजले जाते. खानकाहात उतरणाऱ्या फकिरांसाठी व वाटसरूंसाठी लागणारे पीठ या चक्कीवर दळले जाई. ज्या साधूचे नावच 'मुसाफिर', त्याच्या आश्रयास वाटसरूंच्या भाकरीसाठी हे यंत्र उभे राहिले. जकातीच्या धनावर वाटसरूचा अधिकार सांगितला आहे हे लक्षात घेता, या चक्कीमागील धर्मबुद्धी स्पष्ट होते.

४. शब्दांचा प्रवास

आता शब्दांकडे वळू. 'जकात' या शब्दाचा मराठीतील रूढ अर्थ मालावरील कर असा आहे. दानाचा शब्द कराचा कसा झाला? यामागे निश्चित कारण आहे. आरंभीच्या इस्लामी राज्यांत व्यापारी मार्गांवर नेमलेले अधिकारी मुसलमान व्यापाऱ्याकडून चाळिसावा भाग जकात म्हणून घेत. अन्य प्रजाजनांकडून विसावा आणि परदेशी व्यापाऱ्याकडून दहावा भाग घेतला जाई. वसुलीचे ठिकाण व वसूल करणारा एकच असल्यामुळे नाक्यावरील सर्वच वसुलीस एक नाव पडणे स्वाभाविक होते. दक्षिणेत हा शब्द कराच्या अर्थाने रुळला आणि मराठेशाहीने तो तसाच चालविला. पुढे नगरपालिकांनी तो उचलला. राज्यातील नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये आणि मुंबईची १ जुलै २०१७ रोजी बंद झाली. ज्या धनावर वाटसरूचा अधिकार होता ते वाटसरूकडूनच नाक्यावर वसूल होऊ लागले, एवढा हा अर्थपालट मोठा आहे.

'खैरात' हे 'सत्कृत्ये' या अर्थाचे अरबी अनेकवचन. मराठीत त्याचा अर्थ प्रथम दानधर्म असा झाला आणि आज पात्रतेचा विचार न करता केलेली उधळण असा होतो. 'खैर' म्हणजे कल्याण. मराठीत ते बहुधा 'आता त्याची खैर नाही' अशा नकारातच भेटते. 'मेहेरबानी'तील 'मिहर' या फार्सी शब्दाचा अर्थ प्रेम. मराठीत 'मेहेरबान' हे वरिष्ठास लावावयाचे बिरुद झाले, आणि न्यायालयास लिहिताना 'मे.' या संक्षेपाच्या रूपाने ते टिकून राहिले. प्रेम समानांतही असते. मेहेरबानी मात्र वरून खाली येते.

'गरीब' या शब्दाची कथा विशेष उद्बोधक आहे. अरबीत 'गरीब' म्हणजे परका, घरापासून दूर असलेला. बुऱ्हाणुद्दीनांच्या नावातील 'गरीब' याच छटेचा. बहमनी दरबारात इराण, तुराण व अरबस्तानातून आलेल्या परदेशी सरदारांनाही 'गरीब' म्हणत. १४८१ मध्ये ज्याचा वध झाला तो वजीर महमूद गवान या अर्थाने 'गरीब' होता, द्रव्याच्या अर्थाने नव्हे. पुढे परका तो निराधार आणि निराधार तो निर्धन, अशा क्रमाने आजचा अर्थ आला. 'गरीब स्वभावाचा' या प्रयोगात मराठीने त्यास सौम्यतेचीही छटा दिली. मराठीने या शब्दात परकेपणा विसरून दुःख तेवढे लक्षात ठेवले, असे म्हणता येईल.

सर्वांत अर्थपूर्ण पालट 'हक्क' या शब्दाचा होय. कुराणात जो वंचिताचा होता तो दक्षिणेतील महसुली कागदांत वतनदाराचा झाला. 'हक्क-लाजिमा', 'हक्कदार' या संज्ञा देशमुख-देशपांडे इत्यादींच्या वंशपरंपरागत प्राप्तीच्या निदर्शक आहेत. दर्ग्यांच्या व मठांच्या इनामांत जे घडले तेच शब्दात घडले. मागणाऱ्याच्या वाट्याला खैरात व मेहेरबानी आली, आणि हक्क व्यवस्थापकाकडे गेला. माधवराव पटवर्धन यांच्या १९२५ च्या 'फार्सी-मराठी कोशा'त जमा झालेल्या शब्दसंपत्तीचा असा संस्थात्मक दृष्टीने अभ्यास अद्याप पुष्कळ व्हावयाचा आहे.

५. किनवटच्या बाजूने

या विचाराची खरी कसोटी किनवटच्या परिसरातच लागते. शेजारच्या माहूरगडावर रेणुका, दत्त व अनसूया यांच्या स्थानांबरोबर सोनापीराचा दर्गाही आहे. आश्रय मागण्यासाठी जाणाऱ्याची पावले येथे अनेक दारांकडे वळत आली. परंतु याच जंगलपट्टीत २० व्या शतकाच्या पूर्वार्धात राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या, बाहेरून आलेल्यांनी जमिनींचे पट्टे मिळविले आणि गोंड व कोलाम आपल्याच भूमीत, शब्दाच्या मूळ अर्थाने, गरीब झाले. आदिलाबाद जिल्ह्यातील जोडेघाट येथे १९४० मध्ये कुमराम भीम मारला गेला, तेव्हा या अन्यायास वाचा फुटली. त्यानंतर संस्थानने मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना पाहणी करण्यास सांगितले. त्यांचा 'ट्रायबल हैदराबाद' हा ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. गोंडांना जमिनीचे पट्टे देण्याचे काम सुरू झाले, मारलावाई येथे १९४३ पासून गोंड शिक्षक तयार होऊ लागले आणि त्यांच्यासाठी गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापण्यात आली.

ज्या संस्थानने दर्गे, मंदिरे व मठ यांना उदार हस्ते इनामे चालू ठेवली, त्याच संस्थानात गोंडाला पट्ट्यासाठी इतका काळ थांबावे लागले. याचा दोष धर्मावर ढकलणे अशास्त्रीय ठरेल, कारण वनकायद्याचे व सावकारीचे हे संकट ब्रिटिश मुलखातील आदिवासींवरही कोसळलेच होते. परंतु राज्यकर्त्यांच्या धर्मग्रंथाची कसोटी त्यांना लावणे अप्रस्तुत नाही. कुराणाच्या १६ व्या अध्यायात 'अद्ल' म्हणजे न्याय आणि 'इहसान' म्हणजे भलाई यांची आज्ञा एकाच वाक्यात असून न्यायाचा उल्लेख प्रथम येतो. न्यायावाचून केलेली भलाई इनामपत्रात शोभून दिसते, पण तिने भूमिहीनाचे शेत परत मिळत नाही. गोंडाच्या हाती पडलेला पट्टा ही खैरात नव्हती आणि मेहेरबानीही नव्हती. तो हक्क होता.

कंधारची अनाथशाळा, खुलताबादची खानकाह, पाणचक्कीचे जाते आणि आदिलाबादचे पट्टे यांचा एकत्र विचार केला असता असे दिसते की, दक्षिणेतील इस्लामी परोपकाराचा इतिहास हा केवळ उदारतेचा अथवा केवळ संकुचितपणाचा इतिहास नाही. दुसऱ्याचा हक्क मान्य करणे आणि त्याच्यावर मेहेरबानी करणे या दोन वृत्तींच्या झगड्याचा तो इतिहास आहे. मराठीने आपल्या शब्दार्थांत बहुतांशी मेहेरबानीच्या विजयाची नोंद केली. परंतु त्याच मराठीत पट्टा मागणारा किनवटचा शेतकरी आज 'हक्क' हाच शब्द उच्चारतो, आणि त्याच्या तोंडी हा शब्द वतनदाराच्या कागदांतून निघून आपल्या मूळ अर्थाकडे परत आलेला असतो.